हिरवा दिवा

शेतांमध्ये हवामान मोजणारे छोटे संगणक बसवले होते आणि ते चालू आहेत की नाही, हे पुण्यातून पाहायचं काम सोनमचं होतं. त्यातला आष्ट्याचा, तिच्या आजोबांच्या म्हणजे आबांच्या मळ्यातला डबा तेवढा रोज संध्याकाळी पाचला बंद पडायचा. पडद्यावर लाल दिवा दिसला की ती फोन लावायची, "आबा, वायर निघालीय बघा."

"व्हय गं, निघालीया खरं. थांब, बसवतो," आबा म्हणायचे. मग म्हशीचं, उसाचं, तिच्या जेवणाचं बोलणं दहा मिनिटं चालायचं.

रोजच्या कटकटीला वैतागून दिवाळीत गावी गेल्यावर तिनं डब्याला बॅटरी जोडली. "आता वायर निघाली तरी चालंल, आबा."

"बरं झालं गं," आबा म्हणाले.

पुढे आठ महिने दिवा हिरवाच राहिला. फोन करायला कारण उरलं नाही.

आबा गेले. तेरावं झाल्यावर तिनं डब्यातल्या जुन्या नोंदी पहिल्यांदाच उघडून पाहिल्या.



वायर काढली, पाच वाजता. वायर लावली, सात वाजता. आठ महिन्यांत एका दिवसाचाही खाडा नव्हता.