कामास योग्य

धूळ ओढून घेणारी यंत्रं परवडत नाहीत, असं कंपनी म्हणायची. आणि कंपनीच्या डॉक्टरीणबाई दरवर्षी निमूटपणे सगळ्या कामगारांना 'कामास योग्य' लिहून द्यायच्या. या खेपेला मात्र दगड दळणाऱ्या काकांचा एक्स-रे पाहून त्यांनी मनाचा हिय्या केला.

"काका, मी खरं तेच लिहिणार. माझी नोकरी गेली तरी चालेल."

काका गयावया करू लागले. "बाई, एवढं वर्ष 'योग्य' लिहा."

"अहो, वर्ष काढणार नाही तुम्ही!"

"ठाऊक आहे. पण कामावर असताना गेलो, तर माझ्या जागी पोरीला घेतात."

बाईंनी लिहून दिलं.

पुढच्या वर्षी तपासणीला पोरगी आली. जरासं खोकून म्हणाली, "बाबा जाईपर्यंत तुम्हाला दुवा देत होते."