सराव

"स्वतःबद्दल थोडं सांग," देवस्थळी मॅडम म्हणाल्या. मृणालने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. शेवटचं वर्ष संपत आलं होतं. उद्या कॉलेजात कंपनीची माणसं मुलाखती घ्यायला येणार होती आणि हा तर नुसता सराव होता. आधीच्या दोन्ही मुलाखतींत ती अशीच गप्प झाली होती.

मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्या उठल्या. "माझ्या खुर्चीत बस. आता तू विचार, मी उत्तरं देते."

मृणाल संकोचत बसली. मग एकदम म्हणाली, "उद्याही नाही जमलं तर?"

"तर पुढच्या कंपनीची तयारी करू."

"तसं नाही, मॅडम. नोकरी पक्की म्हणून बाबांनी अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलंय. त्यांना कोण सांगणार?"

कॉरिडॉरमध्ये शिपाई एकेक वर्ग बंद करत चालला होता.

"मी येईन तुझ्या घरी," मॅडम म्हणाल्या. "आपण दोघी मिळून सांगू."

"खरंच याल?"

"येईन."

मृणालने डोळे पुसले, उठून मॅडमची खुर्ची मोकळी केली आणि समोर येऊन बसली. "आता विचारा," ती म्हणाली.