खरं घडलेलं एक वाक्य

थोरल्या नातवाचं लग्न झालं त्या वर्षी आमच्या घरात धाकट्या सुनेच्या मरणाचा विषय कोणी काढत नव्हतं. तिची पोर तर आईचं नावही घेत नव्हती. मी म्हातारपणी वाचनालयात अक्षरं शिकलो. तिथल्याच मुलांच्या कवितावर्गाला या नातीला नेऊ लागलो. ती दर शनिवारी कोरा कागद परत द्यायची. एकदा ग्रंथपालबाई थकून टेबलाला टेकल्या आणि म्हणाल्या, “यमक नको. खरं घडलेलं एक वाक्य लिहा, की सुटलात.” मी लिहिलं, ‘गुडघे दुखतात.’ मुलं हसली. “आजोबा, ही कविता की तक्रार?” “माझ्या वयात दोन्ही एकच, बाळा.” नातही हसली, मग पेन्सिल घेऊन वाकली. “वाच गं,” बाई म्हणाल्या. मला तिचा कागद दिसला; वाटलं, पोरीला घेऊन निघावं, पण उठवेना. तिने उभं राहून वाचलं, “मंगळवारी मी शाळेत असताना माझी आई वारली.”