प्राचार्यांचे भाषण

पावसाने चार दिवस उघडीप दिली नव्हती. उद्याच्या स्वातंत्र्यदिनासाठी मी नवऱ्याचा दमट खादीचा सदरा इस्त्रीखाली सुकवत होते.

“वसू, माझ्या भाषणाची पुस्तिका छापून झाली?” आरशासमोरून प्राचार्यांनी विचारले.

“आठशे प्रती. निमंत्रणांसोबत दुपारीच घरोघर गेल्या.”

“बघ, घरबसल्या तुझ्याही हातून देशसेवा घडते!”

माझा प्रबंध त्यांनी स्वतःच्या नावावर छापला, त्याला एकवीस वर्षे झाली. तेव्हापासून त्यांची सगळी भाषणे मीच लिहिते. व्यासपीठावर चढेपर्यंत ते ती वाचत नाहीत.

“शेवट जोरदार केलायस ना? म्हणून दाखव बघू.”

मी कॉलरवर इस्त्री दाबली आणि सावकाश म्हणाले, “‘प्राचार्यांच्या नावावर असलेला ग्रंथ आणि हे भाषण, या दोन्हींची लेखिका मी, वसुमती राजोपाध्ये, आहे.’”