गाळलेलं कडवं

"कुर्यात् सदा मंगलम्." मामांचं पहिलं कडवं संपलं. "रचना नवरीच्या मामांचीच," भटजींनी माइकवर सांगितलं. हॉलभर वाहवा झाली.

अंतरपाटाआड हार धरून मी उभी होते. ते कडवं माझं होतं. महिन्यापूर्वी मी मामांना या मंगलाष्टका दाखवल्या, तेव्हा ते म्हणाले होते, "बालिश आहे गं. तुझ्याच लग्नात तुझंच हसं होईल." ते खरं मानून मी लिहिणंच सोडलं होतं.

दुसऱ्या कडव्यालाही दाद मिळाली. त्याच बालिश ओळींना.

तिसऱ्यानंतर मामांनी कागद खिशात घातला.

"माइक द्या," मी म्हटलं. "हे मी लिहिलंय."

"नवरीनं बोलायचं नसतं," मामा हसले.

"जाऊ दे गं," आई कुजबुजली.

"आई, तुझ्यावरचं कडवं गाळलंय त्यांनी."

भटजींनी शेवटच्या अक्षतांसाठी हात उचलला. मी माइकशिवायच गायला लागले.