संक्रांतीचा झेल

स्किझोफ्रेनिया झाल्यापासून केदारला हलत्या वस्तूचा वेगच कळेना. लांबची रिक्षा एकदम अंगावर यायची, उडालेली विटी हवेतच हरवायची. म्हणून संक्रांतीला तिथल्या प्रथेप्रमाणे विटीदांडू खेळताना नानाखेड्याच्या मैदानावर मृणालताई विटी हळूच टोलवत होती, तरी त्याचे झेल सुटतच होते. "राहू दे रे," ती म्हणाली. केदार चिडला. "ताई, मेहरबानी नको. पहिल्यासारखी पुऱ्या ताकतीनं मार!" ताईनं दांडू उगारताच तिच्या जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. जोर लावला की जीभ बाहेर. जीभ जिकडे, टोला तिकडे. तिची लहानपणापासूनची खोड! केदारनं विटीकडे पाहिलंच नाही. त्या बाजूला धावून त्यानं ओंजळ पसरली आणि विटी फाटकन तळहातांवर आदळली. "चीटिंग! तू तर बघतही नव्हतास!" ताई कडाडली. कित्येक वर्षांनी ती त्याच्याशी भांडत होती. "दांडू दे, ताई. आता माझी बारी."