दहा आकडे

खांदा दुखावल्यापासून सहा महिने केतकीने धनुष्याला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी दिलेला रबरी पट्टा तेवढा रोज ओढायचा, दहा आकडे मोजायचे आणि हळूच परत न्यायचा.

आज ढोमणे सरांनी मैदानावर तिच्या हाती धनुष्य दिलं. तिने बाण लावला, दोरी हनुवटीपर्यंत ओढली आणि सवयीने हळूच परत नेली. बाण जागेवरच राहिला.

“अगं, तो सोडायचा असतो,” सर म्हणाले. मागच्या पोरी फिदीफिदी हसल्या.

केतकी ओशाळली. मग तिच्या ध्यानात आलं, मनातल्या मनात आपण पुरते दहा मोजले होते. तेही खऱ्या धनुष्यावर, आणि खांद्याने हूं की चूं केलं नव्हतं.

“सर, बाण राहू द्या,” ती म्हणाली. “आधी अजून एकदा दहा मोजते.”